हजारामागे दर

'घरबसल्या काम' हे शब्द सोलापुरात कुणाला नवे नाहीत. पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत दुपारी शिरलं की उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. भिजवून ठेवलेलं तेंदूपान मापानं कातरायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. हजार बिड्यांमागे ठरलेला दर. शहरात अशा साठ-सत्तर हजार बायका आहेत, असं सांगितलं जातं. त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर मीही घरबसल्या काम करते. माझं काम परदेशातून येतं आणि इंग्रजीत असतं, म्हणून लोक मला 'मॅडम' म्हणतात आणि खालच्या बाईला 'बिडीवाली'. दर मात्र दोघींचाही हजारामागेच. तिचा हजार बिड्यांमागे, माझा हजार शब्दांमागे.

मी इंग्रजी संपादक आहे. हे काम नेमकं काय हे प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं. माझी आई शेजारणींना सांगते, 'ती कॉम्प्युटरवर शुद्धलेखन तपासते.' फारसं चुकीचं नाही ते. मराठी छापखान्यातला मुद्रितशोधक आपल्या ओळखीचा आहे. मजकूर जुळून आला की खुणा करून परत पाठवणारा. कॉपी-एडिटर त्याच्या एक पायरी आधी उभी असते. लेखकाचा मजकूर तिच्याकडे येतो तेव्हा तो अजून लेखकाच्याच अवस्थेत असतो. वाक्य अडखळतं का, तक्त्यातला आकडा आणि मजकुरातला आकडा जुळतो का, तिसऱ्या पानावर म्हटलेलं तेविसाव्या पानावर उलटं झालं आहे का, संदर्भांच्या यादीतलं नाव खरोखर मजकुरात आलं आहे का, हे सगळं तिनं पाहायचं. शंका आली तर समासात लेखकाला प्रश्न लिहायचा. स्वतःच्या मनानं अर्थ बदलायचा नाही. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसमधल्या जुडिथ बुचर या बाईंनी १९७५ साली या कामावर पुस्तक लिहिलं, ते या धंद्यातलं पाठ्यपुस्तकच मानलं जातं. तिकडेही हे काम करणाऱ्यांत बायकाच जास्त. नीटनेटकं, निमूट, पुस्तकावर नाव न येणारं काम आणि बायका, यांची गाठ तिकडेही कुणीतरी घालून ठेवलेली आहे.

हे काम आपल्याकडे आलं कसं, तर स्वस्त म्हणून. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटिश प्रकाशकांची अक्षरजुळणी बंगळूर-चेन्नईकडे यायला लागली. आधी जुळणी आली, मग मुद्रितशोधन, मग संपादन. दुसरी वाट शास्त्रज्ञांची. जपान, चीन, कोरियातल्या संशोधकांना इंग्रजी नियतकालिकांत लिहावंच लागतं, नाहीतर बढती नाही. २००२ साली मुंबईत कॅक्टस कम्युनिकेशन्स ही कंपनी सुरू झाली ती जपानी संशोधकांचे इंग्रजी निबंध सुधारून देण्यासाठीच. अशा कंपन्या आणि परदेशातल्या दलाल संस्था घरी बसून काम करणारी माणसं शोधतात, आणि इंटरनेटची तार सोलापुरापर्यंत आली तशी मी त्यांना सापडले. इंग्रजीत एम. ए. करून मी ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. मानधन हाती यायला मार्च उलटायचा. हजार शब्दांमागचा डॉलरमधला दर ऐकून तेव्हा मला हसूच फुटलं होतं. एवढे? एका तासाचे?

आता 'घरबसल्या' या शब्दाकडे येते, कारण हा शब्द बाईलाच ऐकवला जातो. घर सांभाळून करता येईल, मुलं शाळेत गेल्यावर करता येईल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या पाहणीत असं दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसातले सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. म्हणजे घर सांभाळून, या शब्दांत पाच तास दडलेले आहेत. ते आधी वजा करायचे, मग उरलेल्यात परदेशाचं घड्याळ बसवायचं. तोक्योत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा सोलापुरात साडेपाच. न्यूयॉर्कचं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळच्या पोळ्या. 'चोवीस तासांत हवं' असं लिहून येणाऱ्या कामातले चोवीस तास कुणाचे असतात? रात्री दोनला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मूत्रपिंडाच्या आजारावरचा कोरियन निबंध तपासणारी बाई घरातच असते, हे खरं. पण 'बसलेली' असते का?

माझं मुख्य म्हणणं खालच्या बाईला काय मिळालं आणि मला काय मिळालेलं नाही याबद्दल आहे. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्यात कामगार कुणाला म्हणायचं हे सांगताना मालकाकडून किंवा कंत्राटदाराकडून कच्चा माल घरी नेऊन बिड्या वळणारी व्यक्तीही कामगारच, असं स्पष्ट लिहिलं. ती आपल्या घरात बसते, वेळ आपला निवडते, मधूनच उठून डाळीला फोडणी देते, तरीही कामगार. इतकंच नाही, मालकानं नाकारलेल्या बिड्या आणि त्यांची मजुरी यावरून वाद झाला तर तो कुणापुढे न्यायचा, याचीही सोय त्या कायद्यात होती. ज्यांनी कारखान्याच्या दारात बिडी देताना ओंजळभर बिड्या बाजूला काढल्या जाताना पाहिल्या आहेत, त्यांना ही सोय किती मोलाची ते समजेल. १९७६ साली कल्याण निधीचे कायदे आले. बिडीवरच्या उपकरातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, घरांना अनुदान मिळू लागलं. २००६ साली कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावानं बिडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. यातलं काहीही मालकांना दया आली म्हणून मिळालेलं नाही. युनियन होती, मोर्चे होते, निपाणीपासून सोलापूरपर्यंत बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. आणि मिळवलेलं कायमचं राहतं असंही नाही. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बिडीवरचा तो उपकर गेला. १९६६ चा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावून टाकला गेला. तरीसुद्धा बिडी वळणारी बाई कामगार आहे, ही गोष्ट आता कुणाला पटवून द्यावी लागत नाही.

माझं बघा. दोन वर्षांपूर्वी एका परदेशी दलाल संस्थेनं माझी नव्वद पानांची फाईल नाकारली. कारण एका ओळीचं: भाषा पुरेशी स्वाभाविक वाटत नाही. कुठल्या पानावर, कुठलं वाक्य, काही नाही. पैसेही नाहीत. फाईल मात्र त्यांच्याकडेच राहिली, आणि दुरुस्त्यांसह लेखकाला गेली असणार, याविषयी मला शंका नाही. हा वाद मी कुठे नेणार? त्या संस्थेच्या कागदावर मी स्वतंत्र व्यावसायिक आहे, म्हणजे मालक मीच आणि मजूरही मीच. २०२० च्याच सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, आणि तिच्यात वस्तूंबरोबर सेवाही धरलेल्या आहेत. वाचून बरं वाटलं. पण मालकच दुसऱ्या देशात असेल तर त्याची मानगूट कोण धरणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. तो व्हावा म्हणून आपल्या इला भट्ट आणि 'सेवा' यांनी किती खटपट केली हे चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. भारतानं त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही.

इंग्लंडमध्ये घरून काम करणाऱ्या संपादकांनी १९८८ साली आपली संस्था काढली. २०२० साली तिला राजसनद मिळाली. ही संस्था दरवर्षी तासाचे किमान दर सुचवते. अमेरिकेत १९७० पासून अशी संघटना आहे, तीही दरांचा तक्ता प्रसिद्ध करते. कुणावर सक्ती नाही, पण बोलणी सुरू करताना हाताशी एक कागद असतो. आपल्याकडे या कामाचा तसा कागद माझ्या पाहण्यात नाही. आमच्यातली प्रत्येकजण एकटी दर ठरवते, आणि एकटी असल्यामुळे तो खाली आणते.

'स्वाभाविक वाटत नाही' यामागचं खरं वाक्य जाहिरातींत उघडच असतं: फक्त नेटिव्ह स्पीकर हवेत. या शब्दाची मोठी गंमत आहे. साहेबाच्या राज्यात नेटिव्ह आपण होतो. नेटिव्ह पलटण, नेटिव्ह पाडा, नेटिव्ह डॉक्टर. नेटिव्ह म्हणजे कमी दर्जाचा, कमी पगाराचा. आता नेटिव्ह ते झाले, तर नेटिव्ह म्हणजे वरच्या दर्जाचा आणि जास्त पगाराचा. शब्द फिरला, पगाराची उतरंड तिथेच राहिली. मी पाहिलेल्या कितीतरी 'नेटिव्ह' हस्तलिखितांत वाक्याला शेंडा-बुडखा नसतो. इंग्रजी घरात बोललं म्हणून संपादन येतं, हे म्हणजे घरात पोळ्या खाल्ल्या म्हणून कणीक मळता येते म्हणण्यासारखं आहे.

आणि कधी कधी आपलं 'नेटिव्ह' असणंच कामाला येतं. कौटुंबिक हिंसेवरच्या एका निबंधात लेखिकेनं 'को-सिस्टर' असा शब्द वापरला होता. निबंध महाराष्ट्रातल्या बायकांच्या मुलाखतींवर होता आणि इंग्लंडमधल्या नियतकालिकाकडे जायचा होता. आधीच्या कुणा तपासनिसानं तो शब्द सगळीकडे खोडून 'सिस्टर-इन-लॉ' केला होता. इंग्रजीच्या दृष्टीनं बरोबर. पण त्या एका शब्दात नणंद येते, जाऊ येते, वहिनी येते, मेहुणीही येते. आपल्यापैकी ज्यांनी समुपदेशन केंद्रात बसून तक्रारी लिहून घेतल्या आहेत, त्यांना नणंद आणि जाऊ यांतला फरक सांगायला नको. नणंद माहेरच्या अधिकारानं बोलते. जाऊ स्वतःच सून असते, पुष्कळदा तीही त्याच घरात मार खात असते. १९८३ साली आलेल्या ४९८-अ मध्ये, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये, 'नवरा किंवा त्याचे नातेवाईक' असं लिहिलं आहे. त्या नातेवाईकांत कोण कुठे उभं होतं, हाच तर त्या निबंधाचा विषय होता. 'सिस्टर-इन-लॉ' केल्यावर मुलाखत देणाऱ्या बाईला पाठीशी घालणारी जाऊ आणि तिला कोंडून ठेवणारी नणंद एकच होऊन बसल्या होत्या. मी समासात प्रश्न लिहिला, दोन्ही नाती वेगळी करून सुचवली, आणि लेखिकेनं ती ठेवली. त्याचे मला वेगळे पैसे मिळाले नाहीत. शब्दसंख्या वाढली नव्हती ना.

दुसरा निबंध यंत्रमागाच्या गावांबद्दल होता. तक्त्यात बायकांचे दोन रकाने: 'काम करणाऱ्या' आणि 'गृहिणी'. तळटीपेत बारीक अक्षरांत लिहिलं होतं की गृहिणींपैकी बऱ्याच जणी घरी टॉवेलच्या कडा शिवतात, बिड्या वळतात, पापड लाटतात. मी एवढंच विचारलं की मग त्या पहिल्या रकान्यात का नाहीत? पुढच्या मसुद्यात तिसरा रकाना आला, घरून काम करणाऱ्या बायकांचा, आणि त्या निबंधाचा निष्कर्षच बदलला. अमेरिकेत केट स्विफ्ट आणि केसी मिलर या दोघी मैत्रिणी भागीदारीत संपादनाचं काम करत. १९७० साली शाळकरी मुलामुलींसाठी लिहिलेल्या लैंगिक शिक्षणाच्या पुस्तकाचं हस्तलिखित त्यांच्याकडे आलं. मुलगे आणि मुली यांना सारखाच मान द्यावा असा लेखकाचा हेतू, पण सर्वनाम सगळीकडे 'तो'. त्यामुळे पुस्तक फक्त मुलग्यांचं झालं होतं. पोटासाठी घेतलेल्या त्या कामातून १९७६ साली 'वर्ड्स अँड विमेन' हे त्यांचं पुस्तक झालं, आणि आज इंग्रजीत कुणी सरसकट 'ही' लिहिलं की संपादक थांबवतो, त्यामागे या दोघींचं काम आहे. तेव्हा हे काम म्हणजे नुसते स्वल्पविराम टिपणं, असं निदान आपण तरी समजू नये.

परदेशात गेलेल्या मैत्रिणींचं काय, असं कुणी विचारेल. सोलापूर-पुण्याच्या कितीतरी शिकलेल्या मुली लग्नानंतर अमेरिकेत गेल्या त्या नवऱ्याच्या व्हिसावर. एच-४ त्याचं नाव. त्यावर पगाराचं काम करायची मुभाच नव्हती. २०१५ च्या मे महिन्यापासून काही जणींना मिळाली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल तर. म्हणजे तिथे राहणारी, तिथलं इंग्रजी रोज ऐकणारी एम. ए. झालेली बाई हे काम करू शकत नाही, आणि तिची सोलापुरातली वर्गमैत्रीण त्याच गावच्या विद्यापीठाचे निबंध रात्रभर तपासते. बाईला हलू द्यायचं नाही, तिचं काम मात्र हलवायचं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आणि १८८६ साली अमेरिकेला गेल्या त्या कुणाच्या व्हिसावर नव्हत्या. १८८७ साली फिलाडेल्फियात त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं ते त्यांच्या स्वतःच्या नावावर. पुढे केडगावला मुक्तिमिशनच्या छापखान्यात त्यांच्याकडच्या बायकाच खिळे जुळवत होत्या, ग्रीक आणि हिब्रूसुद्धा. घर, छापखाना आणि बाई यांचा संबंध शंभर वर्षांपूर्वी इतका मोकळा असू शकत होता, तर आज तो स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत का आक्रसला?

आता यंत्राबद्दल. २०२२ च्या अखेरीपासून इंग्रजी लिहून देणारी यंत्रं कुणालाही वापरता येऊ लागली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या कामात 'यंत्रानं सुधारलेलं आहे, फक्त नजर टाका' असा प्रकार वाढला. दर निम्मा. पण यंत्रानं गुळगुळीत केलेल्या वाक्यातली चूक शोधायला जास्त वेळ लागतो, कारण ती चूक चुकीसारखी दिसत नाही. अडखळत लिहिलेल्या कोरियन डॉक्टरच्या वाक्यात त्याला काय म्हणायचं आहे ते तरी कळायचं. सोलापूरला हे नवं नाही म्हणा. इथे १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली, मग आणखी गिरण्या आल्या, त्यांच्या भोंग्यांवर शहर उठायचं, आणि मग एकेक भोंगा बंद झाला. गिरणी गेली तेव्हा कित्येक घरांत चूल चालली ती बायकांच्या बिडीवर. माझं काम गेलं तर माझ्या घरात काय चालेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारते, पण तो माझ्या एकटीचा आहे असं मला वाटत नाही.

शेवटी आपल्याच घरातलं बोलते, राग मानू नका. आपल्या संस्था-संघटनांना इंग्रजी लागतं. निधी देणाऱ्यांना अहवाल इंग्रजीत, परिषदेचा निबंध इंग्रजीत. १९९५ साली बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या वेळी गावोगावच्या किती जणी तिथे जाऊ शकल्या आणि इंग्रजी येणाऱ्या किती, यावर तेव्हा आपल्या बैठकांत कडाक्याची भांडणं झाल्याचं मी ज्येष्ठ मैत्रिणींकडून ऐकलं आहे. आज स्थिती फार वेगळी नाही. वस्तीतली कार्यकर्ती मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये वर्षभराचं काम सांगते, आणि इंग्रजी अहवालात ती 'लाभार्थी' होऊन जाते. तो अहवाल तपासायला माझ्यासारखीला फोन येतो, 'अगं, चळवळीचंच काम आहे, जरा करून दे.' मी करून देते, अजूनही देईन. पण त्याच संस्थेच्या अंदाजपत्रकात सभागृहाचं भाडं असतं, चहा-नाश्ता असतो, छपाई असते. भाषेच्या कामाचा रकाना नसतो. बाईच्या अदृश्य श्रमांवर परिसंवाद घ्यायचा आणि त्याचं इतिवृत्त एका बाईकडून फुकट इंग्रजीत करून घ्यायचं, याचा आपण एकदा हिशोब करायला हवा.

माझ्या सूचना मोठ्या नाहीत. संस्थांनी अंदाजपत्रकात संपादन आणि भाषांतर यांचा रकाना घालावा, कमी का असेना. इंग्रजी अहवाल पाठवण्याआधी जिच्याबद्दल लिहिलं आहे तिला तो तिच्या भाषेत वाचून दाखवावा. मी हे दोनदा करून पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा 'लाभार्थी' हा शब्द उडाला. घरून इंग्रजीचं, टायपिंगचं, भाषांतराचं, हिशोबाचं काम करणाऱ्या बायकांनी आपापल्या गावात एकदा भेटावं आणि कोण कुठल्या दरानं काम करते ते एकमेकींना खरं सांगावं. दर लपवण्यात फायदा फक्त दलालाचा आहे. पैसे स्वतःच्या नावच्या खात्यात घ्यावेत. नवऱ्याच्या खात्यात डॉलर जमा होणाऱ्या दोघी तरी मला माहीत आहेत, आणि आपल्या कामाचे वर्षाला किती झाले हे दोघींनाही सांगता येत नाही. बिडी कामगारांच्या युनियनमधल्या बायकांना या भेटीला बोलवावं, कारण नाकारलेल्या मालाचं भांडण कसं भांडायचं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

खालच्या अक्कांना मी माझ्या नाकारलेल्या फाईलची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी बिडीचा दोरा दातानं तोडत विचारलं, 'मग माल परत घेतलास की नाही?' मला परत घेता आला नाही, फाईल म्हणजे बिडी नव्हे. पण तेव्हापासून नव्या ठिकाणी काम घेताना मी आधी लिहून पाठवते की काम नाकारलं तर कारण पानासह द्यावं लागेल आणि दुरुस्त्या वापरता येणार नाहीत. तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकानं मान्य केलं. बार्शीच्या दोघी आणि अक्कलकोटची एक, अशा तिघी मैत्रिणीही आता हेच वाक्य वापरतात. ज्यांना ते इंग्रजीत हवं असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं.